तात, नायलॉन आणि ललिता सिस्टर

तातेची पुडी एकच होती, आणि तिच्यावर हात पडले दोन.

एक हात ललिता वानखडेचा. सरकारी दवाखान्यातली स्टाफ नर्स, ऑपरेशन थिएटरची ड्यूटी, पांढरी साडी कडक इस्त्रीची आणि स्वभाव साडीपेक्षाही कडक. दुसरा हात कोणाचा, ते तिला ठाऊक नव्हतं. उन्हानं रापलेला होता, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची पांढरट खूण होती, आणि मुख्य म्हणजे तो मागे हटायला तयार नव्हता.

१९६१ सालचा सप्टेंबर होता. अमरावतीच्या जयस्तंभ चौकाजवळ खुशालरावांचं औषधांचं दुकान. बाहेर सकाळपासून भुरभुर चाललेली, दुकानात टिंक्चर आयोडिनचा वास, आणि काउंटरवर दोन माणसं एका पुडीला धरून उभी!

"सोडा," ललिता म्हणाली.

"तुमी सोडा."

"मले पेशंटचं पोट शिवाचं हाय."

"आन मले मासा धराचा हाय."

ललितानं मान वर केली. मासा? समोर सव्वीस-सत्तावीसचा एक उंच तरुण उभा होता. केस ओले, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कोंबड्याचं पीस खोचलेलं... आणि डोळे असे हसरे, की त्यांच्यावर रागावायचं म्हटलं तर आधी तयारी करावी लागेल.

खुशालराव गल्ल्यामागे मजा पाहत बसले होते. ही तात म्हणजे रेशमाच्या किड्याच्या पोटातून ओढून काढलेला चिवट, पाण्यासारखा पारदर्शक धागा. डॉक्टर लोक कातडी शिवायला वापरत. विलायतेहून येणारा माल आता बंद झाला होता, आणि खुशालरावांकडची ही शेवटची पुडी होती.

"मी फिशरीजचा इन्स्पेक्टर. मोतीराम गवई," त्यानं घाईघाईनं सांगितलं. "माशीच्या गळानं मासे धरतो. म्हंजे पिसांची खोटी माशी कराची, आन पाण्यावर अशी अलगद उतरवाची... पण गळाची दोरी जाड असते. ते दिसली की मासा पळते. म्हणून दोरी आन माशीच्या मधात हा धागा लावतो आमी. लीडर म्हणतेत त्याले."

"लीडर? इलेक्शनले उभे हाय काय?"

खुशालराव खोकल्याचं निमित्त करून हसले. मोतीराम मात्र जराही ओशाळला नाही. "एक तार पाहू तरी द्या," म्हणत त्यानं पुडीतून एक धागा उपसला, आणि ललिताच्या डोळ्यांदेखत... सरळ तोंडात घातला!

"अहो! काय करून राहिले तुमी?"

"कोरडी तात वाकवली की फटकन तुटते," तो गालात धागा ठेवूनच बोलला. "भिजवा लागते."

"उष्टं केलं तुमी!"

"उकळून घेसान ना दवाखान्यात."

"उकळलं म्हणून उष्टं जाते काय? आता हे तुमीच ठेवा!"

मोतीरामनं धागा तोंडातून काढला, बोटाला गुंडाळला, आणि अगदी साळसूदपणे विचारलं, "मंग अजून दोन उष्टे करू काय?"

ललितानं पुडी हिसकावली, छत्री उघडली आणि तरातरा चालायला लागली. दवाखान्याच्या फाटकापर्यंत ती चिडलेलीच होती. फाटकातून आत शिरताना तिच्या लक्षात आलं, की आपण मघापासून हसतो आहोत.

पुढच्याच आठवड्यात दुपारी वॉर्डातली आया मनकर्णाबाई पदरात तोंड खुपसून हसत आली. मनकर्णाबाईंनी दवाखान्यात तीन डॉक्टर म्हातारे होताना पाहिले होते. त्यांना सहसा कशाचं हसू येत नसे.

"सिस्टर, भाईर एक मानूस आला हाय. कानात डूल घालून आला, आन काढून द्या म्हनते."

बाकावर मोतीराम बसला होता. त्याच्या उजव्या कानाच्या पाळीत गळ घुसलेला, आणि गळाला बांधलेली लाल-तपकिरी पिसांची माशी मानेवर डुलत होती.

"वारा मांगून आला," त्यानं खुलासा केला.

"आन अक्कल?"

"ते याची हाय अजून."

ललितानं स्पिरिटचा बोळा फिरवला. गळाचं टोक पुढे ढकलून बाहेर काढलं, त्याचा उलटा काटा चिमट्यानं कापला, आणि गळ सर्रकन मागे ओढून घेतला. हात तिचा सराईत होता.   तरी तिनं पाळी गरजेपेक्षा एकदा जास्तच पुसली.

"लागलं?"

"नाई."

"मंग डोळे काहून मिटले?"

"तुमी इतक्या जवळ... पाहाचं तरी कुठं मंग?"

ललितानं बोळा ट्रेमध्ये जरा जास्तच जोरात टाकला. "त्या तातेचं काय झालं?"

तातेचं व्हायचं तेच झालं होतं. जुना माल, पहिल्याच झटक्याला गेला. मोतीरामनं खिशातून एक रीळ काढलं. बारीक, चकचकीत, गुळगुळीत धागा — जपानी नायलॉन, मुंबईच्या मित्रानं कोळ्यांकडून मिळवून पाठवलेलं. ताकद तातेच्या दुप्पट, भिजवायची कटकट नाही. पण त्याचं दुखणं वेगळंच होतं. मूर्तिजापूरच्या रेल्वे कॉलनीत एक गोरे गार्डसाहेब राहत. त्यांनी विलायतेला परतताना आपली मासे धरायची काठी मोतीरामला दिली होती आणि गळाच्या गाठीही शिकवल्या होत्या. पण त्या साऱ्या गाठी तातेच्या.

"तातेत एकदम पक्क्या बसत. यात बांधली की घसरते. बांधली की घसरते! परवा तर मासा गेला, माशी गेली, आन मी रिकामा धागा धरून उभा."

ललिताला हसू आवरेना. कारण थिएटरमध्येही नायलॉन नुकतंच आलं होतं, आणि तिथेही पहिल्या दिवशी हाच तमाशा झाला होता.

"आना इकडे." तिनं धागा बाकाच्या दांडीला वेटाळला. "पयला वेढा एकदा नाई, दोनदा द्याचा. हा असा. मंग तो सुटत नाई. सर्जनची गाठ म्हणतेत याले. आता ओढा."

मोतीरामनं ओढलं. बाक हललं, गाठ हलली नाही. त्यानं पुन्हा ओढलं, पाय रोवून ओढलं, आणि मग ललिताकडे असं काही पाहिलं, की ती उगाचच घड्याळ बघायला लागली.

"फक्त एक राहिलं," तो म्हणाला. "नायलॉनची गाठ आवळाच्या आधी ओली करा लागते. ओठात धराची, थुंकीनं भिजवाची, मंग हळूच आवळाची. कोरडी आवळली तर घासून गरम होते, आन धागा आतून मरते. वरून पक्की दिसते, पण जोर आला की जाते."

"तोंडात? शी! आमी कोपरापर्यंत हात घासतो, तवा कुठं धाग्याले हात लावतो."

"मासे काई हात घासून येत नाई, सिस्टर."

"म्हणूनच ते दवाखान्यात येत नाई!"

मग रविवार वडाळीच्या तलावावर जायला लागले. एकटी कशी जाईल? मनकर्णाबाई सोबत असत. त्या काठावर शेंगा फोडत बसायच्या, तलावाकडे पाठ करून. तलाव कधी पाहिला नाही काय, असं ललितानं विचारलं तर म्हणाल्या, "पाह्यला की. म्हनून तर पाठ केली."

मोतीराम काठी डोक्यावरून मागे न्यायचा, थांबायचा, आणि पुढे सोडायचा. दोरी हवेत लांबच लांब उलगडायची... आणि टोकाची माशी पाण्यावर इतकी हळू टेकायची की वर्तुळसुद्धा उठायचं नाही. ललिता श्वास धरून पाहायची. माशीकडे थोडं, आणि माशी सोडणाऱ्याकडे बरंच.

"जाड घेतलं तर मासा पायते," तो समजावायचा, "बारीक घेतलं तर तुटते."

"मंग मधलं घ्या."

"मधलं नाई चालत. उतरतं घ्या लागते. दोरीजवळ जाड, मंग त्याच्याहून बारीक, टोकाले एकदम बारीक. तीन धागे एकमेकाले जोडाचे. म्हंजे जोर सरकत सरकत माशीपर्यंत जाते आन ते अलगद उतरते."

दोघं जवळजवळ बसून धागे जोडायचे. गाठी ललिता बांधायची, भिजवून आवळायचं काम मोतीरामचं. डोकी जवळ यायची, बोटं अडखळायची... आणि गाठ बांधायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ लागायचा.

एकदा बोलता बोलता निघालं, की पाच वर्षांपूर्वी नागपूरला, धम्मदीक्षेच्या दिवशी, दोघंही होते. ललिता वडिलांबरोबर. वडील, डोमाजी, बडनेऱ्याच्या गिरणीत साचेवाले होते. पांढरी साडी नेसलेल्या लेकीचा हात त्यांनी दिवसभर सोडला नव्हता. मोतीराम गावच्या मंडळींबरोबर चालत आलेला.

"म्हंजे तवाच भेटलो असतो आपण," तो म्हणाला.

"लाखो लोकांत?"

"शोधलं असतं ना मी."

 ललिताच्या छातीत असं काही धडधडायला लागलं, की ते मनकर्णाबाईंना पाठमोरंही ऐकू जाईल असं तिला वाटलं. ती प्रेमात पडली होती. चांगली, साग्रसंगीत, परत निघता येऊ नये अशी पडली होती!

आणि त्याच दिवशी, घरी निघताना, मोतीरामनं ते सांगितलं.

त्याची नोकरी कच्ची होती. मेळघाटात, धारणीजवळ सिपना नदीत महाशीर जातीचे मोठे मासे होते. जाळ्यात धरले की त्यांची खवलं निघत आणि ते मरत. मोतीरामचं म्हणणं, माशीच्या गळानं ते जिवंत, धडधाकट धरता येतील, परावर, म्हणजे माशाच्या पंखावर, खुणेची पट्टी लावून परत सोडता येतील, आणि ते कुठून कुठे जातात हे कळेल. ऑक्टोबरअखेरीस मुंबईचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर एक मोठा मासा तसा धरून दाखवला तर धारणीला केंद्र निघणार, आणि त्यावर मोतीराम कायम होणार.

"आन नाई धरला तर?"

"तर रत्नागिरी. समुद्रावर. ऑर्डर तयारच हाय."

"रत्नागिरी..." ललितानं शब्द नुसता उच्चारून पाहिला. तो तिला फार लांबचा वाटला. "धरसान तुमी," ती म्हणाली. "धराच लागन."

ऑक्टोबरअखेरीस हिवतापाच्या कॅम्पसाठी दवाखान्याची जीप धारणीला जाणार, असं कळलं तेव्हा ललितानं कोणी विचारायच्या आत आपलं नाव दिलं. मनकर्णाबाईंचंही दिलं. मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला आणि शेंगा बांधून घेतल्या.

कॅम्प उरकून दोघी नदीवर पोचल्या तेव्हा सिपना निवळलेली, हिरवीगार होती. सागाच्या पानांतून ऊन गळत होतं. काठावर खुर्ची टाकून साहेब बसले होते, गोरेपान, चष्मेवाले, मुंबईच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून पाय उचलून. आणि मोतीराम खडकावर बसला होता, रक्ताळलेला अंगठा दाबून.

"धाग्यानं कापला," तो म्हणाला. "सकाळी एक लहानसा लागला होता, तो पळाला आन..."

ललितानं औषधांची पेटी उघडली. जखम धुतली, पट्टी बांधली. आता प्रेमात पडलेल्या नर्सनं बांधलेली पट्टी ती! अंगठ्याचा नुसता भोपळा झाला.

"सिस्टर," मोतीराम हळूच म्हणाला, "आता मले गाठ येत नाई बांधता."

"मी बांधते ना."

माशी हातात, नायलॉनचं टोक हातात. दोन वेढे, व्यवस्थित, थिएटरमधल्यासारखे. मोतीरामनं सवयीनं वाकून धागा ओठात धरला, भिजवला, आणि तिच्याकडे परत दिला. पण तेवढ्यात टोक बोटांतून निसटलं आणि वेढा सुटला. ललितानं पुन्हा बांधला. आता पुन्हा भिजवायला हवा होता. मोतीराम तोवर साहेबांनी हाक मारली म्हणून उठला होता.

"ओठात धरा, आन आवळा!" तो जाता जाता म्हणाला.

ललितानं धाग्याकडे पाहिलं. नुकताच त्याच्या ओठांतून निघालेला. साहेब इकडेच पाहत होते, त्यांच्या जीपचा ड्रायव्हर पाहत होता, आणि मनकर्णाबाई — नेमक्या आज — नदीकडे तोंड करून बसल्या होत्या. चारचौघांत परक्या पुरुषाचं उष्टं तोंडात घ्यायचं? तिचे कान तापले. ओलं करायचं तर आहे ना... समोर स्पिरिटची बाटली उघडीच होती. तिनं बोळा भिजवला, गाठीवरून स्वच्छ फिरवला, आणि आवळली. गाठ देखणी बसली.

स्पिरिट किती भरकन उडतं, हे नर्सला कोणी सांगायला हवं काय? पण त्या घटकेला तिचं नर्सपण जाग्यावर नव्हतं.

मोतीरामनं काठी मागे नेली. थांबला. सोडली. डोहाच्या तोंडाशी, फेसाच्या कडेला माशी उतरली, वाहायला लागली... आणि पाणी फुटलं!

"लागला!" ललिता किंचाळली. काठीवरचं दोरीचं चाक करकरत फिरायला लागलं, दोरी सपासप पाणी कापत खाली धावली. मोतीराम खडकांवरून उड्या मारत मागे, त्याच्यामागे साडी खोचून ललिता, आणि साहेब बूट विसरून गुडघाभर पाण्यात! सोनेरी कूस एकदा वर आली, हातभराहून मोठी. "धरा! सोडू नोका! सोडू नोका वो!" ती ओरडत होती. मासा दमला, वळला, काठाकडे यायला लागला. साहेबांनी स्वतः खुणेची पट्टी हातात काढून ठेवली. मग माशानं शेवटचा एक हिसका दिला.

दोरी सैल पडली.

 मोतीरामनं दोरी गुंडाळली, धाग्याचं टोक पाहिलं, आणि झटकन मुठीत लपवलं.

"माझी चूक, साहेब," तो म्हणाला. "धागा बारीक निवडला मी."

साहेबांनी चष्मा पुसला. वाईट त्यांनाही वाटलं होतं. "गवई, तुमची पद्धत चांगली आहे. पण मला कागदावर मासा दाखवावा लागतो. धारणीचं पुढच्या वर्षी पाहू. तुम्ही सध्या रत्नागिरीला रुजू व्हा." ते आपल्या जीपकडे निघाले.

"मूठ उघडा," ललिता म्हणाली.

"राहू द्या ना."

"उघडा म्हणते!"

तिनं त्याची बोटं सोडवली. धाग्याचं टोक सरळ तुटलेलं नव्हतं. डुकराच्या शेपटीसारखं पिळून गोल झालं होतं, पांढरं पडलं होतं. धागा बारीक असता तर मधेच तुटता. हा गाठीपाशी गेला होता. कोरड्या आवळलेल्या गाठीपाशी.

"तुमाले कळलं होतं."

"काय फरक पडते आता?"

"फरक पडते!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी यायला लागलं म्हणून तिला आणखी राग आला. ती तशीच साहेबांच्या मागे धावली. मनकर्णाबाई "अवं पोट्टे!" म्हणत उठल्या, पण उशीर झाला होता.

"साहेब! थांबा! धागा बरोबर होता. गाठ मी बांधली होती. त्यांनी सांगतलं होतं थुंकीनं ओली करा, आन मी... मी स्पिरिटनं पुसली. मले लाज वाटली. त्यांची काईच चूक नाई!"

साहेब दारात पाय ठेवून थांबले. त्यांनी ललिताकडे पाहिलं, मागून भोपळ्याएवढा अंगठा घेऊन धावत येणाऱ्या इन्स्पेक्टरकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशा हलल्या.

"असं होय? म्हणजे चूक तुमची, आणि शिक्षा यांना. हा तर अन्याय झाला, सिस्टर. खरं म्हणजे रत्नागिरीला मी तुम्हालाच पाठवायला हवं."

"पाठवा," ललिता म्हणाली.

"काय?"

"पाठवा ना साहेब. तिथं काय दवाखाने नसन? मी अर्ज करते. दोघांलेही पाठवा."

आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं.  ड्रायव्हर स्टिअरिंगवर वाकून हसत होता. साहेबांनी टोपी काढली, तिला वाकून नमस्कार केला आणि जीपमध्ये बसले. जीप गेली.

मोतीराम समोर उभा होता.  

"सिस्टर... ललिता... समुद्र पाहाचा हाय काय तुमाले?"

"चुलीत गेला तुमचा समुद्र," ललिता म्हणाली. ते साऱ्या काठाला ऐकू गेलं. "मले तुमी पायजे."